आमचा रवळनाथ शूटिंगला जातो

आमच्या घरातला देव एकदा सिनेमाच्या शूटिंगला गेला आणि परत येताना दोन होऊन आला.

यात माझी काहीही चूक नव्हती, असं मी पुढे पुष्कळ जणांना सांगून पाहिलं. कुणाला पटलं नाही. वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला, तर मी सांगायला तोंड उघडायच्या आधीच पटलं नव्हतं.

आधी देवाची ओळख करून देतो. आमचा रवळनाथ म्हणजे वीतभर उंचीचा पितळेचा मुखवटा. मोठे डोळे, भरघोस मिशा, थोडं झिजलेलं नाक, आणि चेहऱ्यावर असा भाव की घरात कोण काय करतंय ते सगळं मला माहीत आहे, फक्त योग्य वेळेची वाट बघतोय. आजोबा गिरणीत नोकरीला म्हणून कोकणातून मुंबईला आले, तेव्हा ट्रंकेत धोतराच्या घडीत गुंडाळून त्यांनी हा देव आणला. पुढे आजोबा गेले, गिरणी गेली, चाळ गेली. रवळनाथ तेवढा परळहून घाटकोपरला, भटवाडीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर येऊन बसला. आई दर सोमवारी त्याला चिंच लावून रांगोळीने असा घासते की त्याच्यात बघून भांग पाडावा!

आमच्याकडे कुठलीही मोठी गोष्ट या देवाला विचारल्याशिवाय होत नाही. याला कौल लावणं म्हणतात. देवाच्या दोन्ही गालांवर पाण्यात भिजवलेला तांदळाचा एकेक दाणा चिकटवायचा, प्रश्न विचारायचा आणि हात जोडून उभं राहायचं. उजव्या गालावरचा दाणा आधी पडला तर हो, डावा पडला तर नाही. माझं लग्नही असंच ठरलं. उजवा पडला, तोही लगेच. (वैशाली अजून म्हणते, त्या दिवशी पंखा चालू होता.)

आता आईचे डोळे. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालेला. आधी ती नुसतीच चहा बशीच्या बाजूला ओतायची. मग शेजारच्या मंजुबेनला "वैशाली" आणि वैशालीला "कोण गो?" म्हणायला लागली. एकदा दारामागे टांगलेल्या माझ्या रेनकोटला तिने "बसा, भावजी" म्हणून आग्रह केला आणि रेनकोट बसेना तेव्हा तिला राग आला. डॉक्टर म्हणाले, आता थांबू नका. पण आई कसली ऐकते!

"देवाक इचारल्याशिवाय मी डोळ्याक सुरी लावूक देवचंय नाय," ती म्हणाली. "आणि कौल थोरल्याच्या हातानच लागाक व्हयो."

थोरला म्हणजे दादा. तो बोरिवलीला राहतो. आई तेव्हा त्याच्याकडेच राहायला गेली होती. रविवारी तो आणि वहिनी आईला घेऊन आमच्याकडे येणार आणि दादा कौल लावणार, असं ठरलं. उजवा पडला तर ऑपरेशन. डावा पडला तर आई जन्मभर रेनकोटशी बोलणार. त्या दिवशी देव आपल्या जागेवर असणं एवढंच काय ते हवं होतं, आणि ती जबाबदारी माझ्यावर होती.

मी कुर्ल्याला एका कुरिअर कंपनीच्या ऑफिसात आहे. माझं काम काय, तर चुकीच्या पत्त्यावर गेलेली पार्सलं शोधून खऱ्या मालकाकडे पोचवणं. या कामात माझं नाव आहे. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे सांगायला तोंड उरणार नाही.

आई बोरिवलीला गेली आणि दोनच दिवसांनी संजू आला. संजू हा माझा मेहुणा, वैशालीचा धाकटा भाऊ. तो सिनेमाच्या आर्ट डिपार्टमेंटला आहे. म्हणजे सिनेमात जी भांडी, कंदील, तलवारी, पालख्या दिसतात, त्या कुठून तरी पैदा करून आणणं हे त्याचं काम. चहाचा कप तोंडाला लावला आणि त्याची नजर देव्हाऱ्याकडे गेली.

"भावजी! हा फेस बघा! अख्खं मार्केट फिरलो, असा फेस नाय मिळाला यार!"

"फेस काय म्हणतोस? देव आहे तो," वैशाली म्हणाली.

"ताई, तेच तर! पिक्चर देवावरच आहे. इंग्रजांच्या काळातला. एक साहेब आणि त्याचा दलाल गावोगावचे जुने देव उचलतात आणि खोक्यात भरून विलायतेला पाठवतात, जागेवर नक्कल ठेवून. आपला वारसा आहे ना हा, भावजी! वारसा!"

(हा शब्द त्याने इतक्यांदा उच्चारला की मधेच मला वाटलं, माझं काही बरंवाईट झालं की काय.)

त्याला देव फक्त आठवडाभर हवा होता. साकीनाक्याच्या कारखान्यात साचा काढून एक ड्युप्लिकेट ओतायचा, आणि जवळून शूटिंग करायला खरा वापरायचा. मी ठाम नकार दिला. देव म्हणजे काय भाड्याची खुर्ची आहे? मग संजूने हळूच विचारलं, "भावजी, तुम्ही ऑफिसच्या नाटकात काम करायचा ना? यात एका गावकऱ्याचा रोल आहे. डायलॉग आहे."

"किती वाजता यायचं?" मी म्हणालो.

"आईंना विचारलंत का?" वैशालीने विचारलं.

"आईला कशाला? मी थेट देवालाच विचारतो."

आणि खरंच विचारलं! गालांवर दाणे लावले, हात जोडले. डावा पडला. दाणा नीट चिकटला नसेल म्हणून पुन्हा लावला. पुन्हा डावा. तिसऱ्यांदा मी टेबलफॅन लावला, देवाच्या उजव्या बाजूने.

देवाची परवानगी मिळाली.

दुसऱ्या दिवशी देवाला टॉवेलात गुंडाळून, डब्याच्या पिशवीत घालून मी साकीनाक्याला निघालो. घाटकोपर मेट्रोला पिशवी मशीनमधून जाते हे मी विसरलोच होतो. पडद्यावर आधी माझी छत्री दिसली आणि मागोमाग मिशा.

"ये क्या है?" पोलिसाने विचारलं.

"भगवान है."

"किधर लेके जा रहे हो?"

"शूटिंग के लिए."

त्याने माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि मिशांना नमस्कार करून मला सोडलं.

शूटिंग मढला होतं. मला धोतर, मुंडासं घालून आणि काळी पावडर लावून गावकऱ्यांच्या घोळक्यात उभं केलं. समोर कोटटोपीतला साहेब, टेबलावर आमचा रवळनाथ. दिग्दर्शकाने त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाला, "हा फारच नवा वाटतो. याला जरा जुना करा." मग एका मुलीने ब्रश घेऊन आमच्या देवाला काळाहिरवा रंग फासला. आजोबांच्या आजोबांपासूनचा देव, आणि त्याला म्हातारं दिसायला मेकअप! शेजारी साकीनाक्याहून आलेला ड्युप्लिकेट ठेवला होता. साचा इतका चोख की झिजलेलं नाकसुद्धा तसंच उतरलेलं. त्यालाही तोच रंग दिला. दिग्दर्शकाने त्याला हातात घेतलं आणि खूश होऊन ओरडला, "हां! हा बघा, हा ओरिजिनल वाटतो!"

माझा डायलॉग एकच होता. घोळक्यातून पुढे यायचं आणि ओरडायचं, "साहेब, हा देव आमचा आहे!"

मी ओरडलो. असिस्टंट डायरेक्टर म्हणून एक मुलगी होती, ती जवळ आली. "काका, जरा मनापासून. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की देव खरंच तुमचा आहे."

"अहो, खरंच माझा आहे!"

"हेच! अगदी हेच पाहिजे! असंच बोला."

"अहो पण बाई, तो खरोखरच आमच्या घरचा..."

"सुपर! कॅमेरा!"

मी पुन्हा ओरडलो, डोळ्यांत पाणी आणून ओरडलो. पाणी खरं होतं, कारण एवढ्यात रंगवालीने एक मुखवटा उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवला होता आणि त्यातला माझा कुठला ते मला कळेनासं झालं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. असा अभिनय मी पुन्हा कधी करू शकेन असं वाटत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी संजू एक खोकं घेऊन घरी आला. खोक्यात दोन रवळनाथ, दोघेही काळेहिरवे.

"यातला आपला कुठला?" मी विचारलं.

"भावजी, तेच तुम्हाला विचारायला आलो."

"म्हणजे?"

"ड्युप्लिकेटवर मी चिठ्ठी चिकटवली होती. पण ती कॅमेऱ्यात दिसत होती म्हणून काढली."

"मग परत नाही लावलीस?"

"लावली ना! पण कुणावर लावायची तेच कळेना, म्हणून मग दोघांवर लावली."

एवढं सांगून तो पुढच्या शूटिंगला निघून गेला. पुढच्या सिनेमात त्याला हत्ती हवा होता.

वैशालीने चिंच भिजत घातली. आम्ही दोघांनी एकेक देव घेतला आणि घासायला बसलो. रंग निघाला, दोन्ही देव लख्ख झाले आणि दोघेही आमच्याकडे सारख्याच रागाने बघायला लागले. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोघांचं वजन केलं. एक किंचित जड भरला.

"हा खरा," मी म्हणालो. "जुनं पितळ जड असतं."

"खऱ्याला आईंनी इतकी वर्षं घासलंय," वैशाली म्हणाली, "तो झिजून हलका नको का व्हायला?"

हेही बरोबर होतं. मूळ देवाचं वजन काय होतं, ते कुणालाच माहीत नव्हतं. देवाचं वजन कोण करतं?

शनिवारी दोघांनाही पिशवीत घालून पुन्हा साकीनाका गाठायचं ठरवलं. मेट्रोच्या मशीनपाशी तोच पोलीस. पडद्यावर मिशांच्या दोन जोड्या सरकत आल्या.

"उस दिन तो एक था ना?"

"हां," मी म्हणालो. "वही तो प्रॉब्लेम है."

कारखान्यातल्या ओतकाम करणाऱ्या माणसाने दोन्ही मुखवटे खिडकीपाशी नेऊन उलटेसुलटे पाहिले. मला वाटलं, चला, जाणकार माणूस भेटला. पण तो अभिमानाने म्हणाला, "साब, मेरा काम इतना सफाई का है, मेरेको भी समझ में नहीं आता!" आणि त्याने वर स्वतःचं कार्ड दिलं. ओळखीत कुणाला देव हवे असतील तर सांगा म्हणाला.

रविवार उजाडला. दादा, वहिनी आणि आई येऊन पोचायच्या बेतात होते. मी नाणं उडवून एक देव देव्हाऱ्यात बसवला. दुसऱ्याचं काय करायचं? चपलांच्या कपाटात देव ठेवता येत नाही. माळ्यावर झुरळं. न्हाणीघर तर बोलायलाच नको. शेवटी घरातली त्यातल्या त्यात पवित्र जागा म्हणून मी त्याला तांदळाच्या डब्यात पार तळाशी पुरलं, वर तांदूळ सारखे केले आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो.

आई आली. देव्हाऱ्यासमोर उभी राहून तिने चाचपत हात जोडले. दादाने हातपाय धुतले, सोवळं नेसला आणि म्हणाला, "कौलाला तांदूळ आण गं."

वहिनी स्वयंपाकघरात गेली.

ज्या घरात देवाला तांदळाने प्रश्न विचारतात, त्या घरात दुसरा देव तांदळात लपवणारा माणूस या जगात मी एकटाच असेन. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा आतून डब्याचं झाकण पडल्याचा आवाज आला.

"अगं बाई! देव!"

वहिनी दोन्ही हातांत रवळनाथ धरून बाहेर आली. तिला कौलासाठी डब्याच्या तळाचे, कुणाचा हात न लागलेले दाणे हवे होते म्हणून तिने कोपरापर्यंत हात घातला होता. देवाच्या मिशांतून तांदूळ गळत होते.

"काय झाला गो?" आईने विचारलं.

"आई, तांदळात देव सापडला!"

आईने हात जोडले. "प्रगाट झालो! माझ्या डोळ्यांसाठी प्रगाट झालो!"

"पण देव तर देव्हाऱ्यातही आहे!" वहिनी म्हणाली.

दादाने देव्हाऱ्याकडे पाहिलं, वहिनीच्या हाताकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. खोलीत इतकी माणसं असताना त्याने माझ्याकडेच का पाहिलं, ते मला अजून समजलेलं नाही.

मी खुलासा करणार, एवढ्यात विरजण मागायला आलेल्या मंजुबेनने दारातून सगळं ऐकलं. ती वाटी टाकून पळाली आणि नारळ घेऊन परत आली. पाठोपाठ दुसरा मजला आला. मग पहिला. जिन्यात चपलांचा ढीग झाला, कुणीतरी फोटो काढायला चालेल का म्हणून विचारायला लागलं, आणि तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी "प्रगट किती वाजता झाले?" अशी चौकशी केली. आईच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. ती त्या धूसर डोळ्यांनी सगळ्यांना सांगत होती, "माझ्या अरूच्या घरात झालो हां, अरूच्या!" अरू म्हणजे मी. मला खूप वाईट वाटलं, आणि तरीही मी जिन्यातल्या चपला नीट लावत राहिलो.

"आता दोगांकय कौल लाव," आईने दादाला सांगितलं.

दादाने दोन्ही देव पाटावर शेजारी शेजारी मांडले. दाणे लावले आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. दादा एरवी बोरिवलीचं मराठी बोलतो, पण गाऱ्हाण्याला त्याचा आवाज थेट गावच्या देवळातून येतो.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे. मंजुबेनसुद्धा.

"आज तुझी लेकरां तुझ्या पायाशी उभी आसत. आमच्या आवशीच्या डोळ्यांचा काम आसा, ता मार्गी लाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आमच्यातल्या कोणाच्या हातान काय चूक झाली आसात, तर ती पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!" हे मी एकटा ओरडलो. बाकीचे जरा मागे राहिले.

पंखा बंद होता. (वैशालीने स्वतः बंद केला होता आणि बटणापाशी उभी होती.) पहिल्या देवाचा दाणा पडला. उजवा! आईचा चेहरा उजळला. मग दुसऱ्याचा पडला.

डावा.

"एक हो म्हणतो, एक नाही म्हणतो," दादा म्हणाला.

आईचे हात खाली आले. "मगे मी कोणाचा आयकू रे?"

आईच पुढे म्हणाली, "एकजरी देव नको म्हणता, तर नकोच ता आपरेशन. ऱ्हवांदे."

झालं. माझ्या एका डायलॉगापायी आईचे डोळे जाणार होते. तेव्हा मात्र मी बोललो. सगळं बोललो. संजू, साकीनाका, मढ, काळाहिरवा रंग, दोन चिठ्ठ्या. टेबलफॅनसुद्धा सांगितला. जिन्यातली गर्दी हे ऐकून हळूहळू पांगली. मंजुबेनने जाताना नारळ परत नेला.

"अरू, तुला अक्कल आहे का रे?" दादा कडाडला. "अरे, लोक परक्या साहेबांनी पळवलेले देव परत आणायला धडपडतात, आणि तू घरचा देव स्वतःच्या हाताने पिशवीत घालून दिलास?"

आईने हात वर करून त्याला गप्प केलं. मला वाटलं, आता ती रडणार. पण ती म्हणाली, "देवाक नाटकात कामाक लावलंस?"

"हो आई."

"काम बरा केल्यान मा त्येणा?"

"देवाने? हो... फारच छान केलं."

"करतलोच," आई म्हणाली.

दादाने संजूला फोन लावून स्पीकरवर टाकला. "तुमच्या त्या पिक्चरमध्येही दलाल देवाची नक्कल करतो ना? मग शेवटी गावकरी खरा देव कसा ओळखतात?"

"सिंपल आहे," संजू म्हणाला. "खऱ्या देवावर वरून एकदम उजेड पडतो."

"कुठून पडतो?"

"आमचा लाइटवाला पाडतो. वर चढून बसलेला असतो."

दादाने फोन ठेवला. मग आईने दोन्ही देव मागून मांडीवर घेतले. एकेकाला नाकापर्यंत आणून पाहिलं. एकाच्या मिशीवरून बोट फिरवलं, मग दुसऱ्याच्या. पुन्हा पहिल्याच्या. "ह्यो," म्हणाली. मग, "नाय, ह्यो." मग दोन्ही खाली ठेवले.

"इतकी वर्सां पूजा केलंय," ती हळूच म्हणाली, "आणि माझो देव माका वळाखता येयत नाय."

मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

"मगे ह्ये डोळे ठेवचे कित्याक?" आई एकदम ताठ बसली. "ए थोरल्या, डॉक्टराक फोन कर. माका माझो देव बगूचो आसा!"

"पण आई, कौल..."

"कौल ऱ्हवांदे! आधी कोणाचो कौल ता तरी समजांदे!"

आई ऑपरेशनला तयार झाली, ती अशी. त्याच महिन्यात एक डोळा झाला, पुढच्या महिन्यात दुसरा. दोन्ही उत्तम झाले. घरी आल्यावर आईने आधी छताची जळमटं पाहिली, मग ओट्यामागचा तेलकट डाग, मग माझं पोट. प्रत्येकावर बोलून झाल्यावर तिने दोन्ही देव समोर ठेवायला सांगितले. दादा आणि वहिनी खास बोरिवलीहून आले होते. आई चष्म्याशिवाय, टक लावून, बराच वेळ बघत राहिली.

"ह्यो इतको रागीट होतो?" ती म्हणाली.

"कुठला आई? खरा कुठला?"

"माका काय ठावक! मी इतकी वर्सां समजत होतंय, देव हसता."

ओळख पटली नाही ती नाहीच. शेवटी एक देव दादा बोरिवलीला घेऊन गेला आणि एक आमच्याकडे राहिला. आई महिनाभर तिकडे, महिनाभर इकडे राहते आणि दर सोमवारी जिथे असेल तिथल्या देवाला घासते. आमच्याकडचा खरा आहे. दादाही त्याच्याकडच्याबद्दल हेच सांगतो.

सिनेमा लागला तेव्हा मी सगळ्यांची तिकिटं काढली. दादा, वहिनी, वैशाली, संजू, नारळाचा विषय विसरून आलेली मंजुबेन, आणि मधोमध नव्या डोळ्यांची आई. "माझा सीन मध्यंतराच्या आधी आहे," मी सगळ्यांना दोनदोनदा सांगितलं. मंजुबेनला तीनदा.

सीन आला. पडदाभर आमचा रवळनाथ! (किंवा दुसरा.) एकेक मिशी माणसाएवढी. मागून माझा आवाज घुमला, "साहेब, हा देव आमचा आहे!" माझ्या अंगावर काटा आला.

आईने माझा हात दाबला. "अरू! देव काय झकास दिसता रे! नाकावरची रेघसुद्धा दिसता माका!"

"आई, आणि मागे कोण दिसतंय?"

"खंय?"

"तो काय, देवाच्या मागे. मुंडासंवाला. हात वर केलाय बघ."

आई पुढे वाकली. तिने डोळे बारीक केले, मोठे केले, पदराने पुसले. कॅमेऱ्याने सगळी नजर देवावर लावली होती, मागचा सगळा घोळका धुक्यात होता. त्या धुक्यात एक पांढरट ठिपका तळमळून हलत होता. मग सीन संपला.

"वैशाली," आई काळजीच्या सुरात म्हणाली, "उद्या डॉक्टराची येळ घे गो. मोतीबिंदू परत इलो वाटता. थंय एक माणूस एकदम धुरकट दिसलो."

दुसऱ्या दिवशी मी आईला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी दोन्ही डोळे नीट तपासले आणि ठणठणीत आहेत म्हणून सांगितलं. मग तो धुरकट माणूस कोण, हे आई त्यांना विचारायला लागली, आणि डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "असेल कुणीतरी गावकरी."